घरगुती ल्यूअर (मासा भुलवायचा लाकडी खोटा मासा): तार अखंड हवी की कड्या पुरतात? गळ एकेरी की तीन काट्यांचा?

खाडीकाठचा:
गेल्या आठवड्यात जयगडच्या खाडीत भरती लागता लागता मोठा जिताडा लागला आणि गेला. दोरी शाबूत, गाठ शाबूत. हातात परत आला तो माझा पांगाऱ्याच्या लाकडाचा ल्यूअर, पोटाखालची स्क्रूवाली कडी उपटलेला. भोकाच्या कडेला अ‍ॅरल्डाइट तसंच चिकटून होतं, पण आतलं लाकूड पाणी पिऊन इतकं मऊ झालेलं की नखाने उकरलं जात होतं. तो मासा माझा तीन काट्यांचा गळ तोंडात घेऊन फिरतोय, हे मला फार लागलंय.

म्हणून सांगतो, जिताडा, तांबोशी, सुरमईसाठी ल्यूअर करायचा तर नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार घाला. पोटाकडून करवतीने खाच मारायची, तार वाकवून मध्ये गळासाठी कडी काढायची, आत बसवून खाच इपॉक्सीने (अ‍ॅरल्डाइटसारख्या गोंदाने) भरायची. मग लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. तार कडक स्टेनलेस, ३१६ ग्रेडची, १.२ मिमी. आणि पोटाला एकेरी गळ.

देवबागकर:
दादा, वाईट वाटलं, पण दोष कडीचा नाही, लाकडाचा आहे. पांगारा तासायला सोपा, पण पाणी शिरलं की संपला. मी शिवणीचं लाकूड वापरतो. आकार झाला, भोकं पाडली, की रंगाआधी सगळं जवसाच्या तेलात बुडवून आठवडाभर सुकवतो. कडीचा दांडा पूर्ण २५ मिमी आत जातो, भोक दांड्यापेक्षा बारीक ठेवतो आणि आधी त्यात पातळ इपॉक्सी सोडतो. सात वर्षांत एकही कडी निघाली नाही. तुमच्या तारेने ल्यूअर जड होतो, पाण्यात नाचतच नाही. जिताड्याला ती थरथर हवी.

खाडीकाठचा:
वजनाचा हिशेब मी केलाय. १.२ मिमीची २० सेंमी तार साधारण १.८ ग्रॅम भरते. १.६ मिमी घेतली तर ३.२ ग्रॅम, आणि तिथे तुमचं म्हणणं खरं ठरतं. पण खाच पोटाकडून आहे, म्हणजे वजन खालीच बसतं. पोटात वजनाला शिसं घालतो ते तेवढं कमी घाला, नाच तसाच राहतो. लाकडाबद्दल मात्र पटलं. पांगारा आता फक्त आकार जमतोय का ते पाहण्यापुरता.

मांडवीपार:
आमच्याकडे जिताड्याला चोणक म्हणतात, आणि त्याचं तोंड ज्याने हाताळलंय तो एकेरी गळावर भरवसा ठेवणार नाही. तो मासा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. तीन काट्यांतला एक तरी लागतोच. तारेसाठी एक युक्ती: दुकानातच चुंबक लावून पाहा. चिकटलं तर स्टेनलेस खोटं.

वर्कशॉपवाला:
ही चुंबकाची युक्ती फसवते. ३०४ ग्रेडची स्टेनलेस तार मऊ असते तेव्हा चुंबक धरत नाही, पण ओढून कडक केली की थोडी धरायला लागते. आपल्याला तर कडकच तार हवी, मग चांगला माल परत कराल. त्यापेक्षा तुकडा मिठाच्या पाण्यात पंधरा दिवस भिजवून ठेवा. आणि कडी वळवताना तार तापवू नका, लाल झाली की कडकपणा गेला, कडी हाताने उघडेल. बांधकामाची बाइंडिंग तार तर खाऱ्या पाण्यात नकोच.

खाडीकाठचा:
मांडवीपार, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तीन काटे लागतात जास्त, पण टिकतात का? बारीक तारेचे काटे जिताडा सरळ करून सोडतो, मी दोनदा पाहिलंय. एकेरी गळ त्याच मापात जाड तारेचा मिळतो, जबड्याच्या कोपऱ्यात खोल बसतो. शिवाय जिताडा आधी नर असतो, पुढे वाढून मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठे मासे बहुतेक अंड्याच्या माद्या. त्या परत सोडायच्या तर कल्ल्यापर्यंत रुतलेले सहा काटे सोडवताना मासा आपल्याच हातात मरतो. आणि हुकला तर? गळ कार्बन स्टीलचा असावा, गंजून कधीतरी सुटण्याची आशा तरी राहते. स्टेनलेसचा गळ तोंडात तसाच राहतो.

मांडवीपार:
माद्यांचं पटलं. पण कार्बनचा गळ, तो अडकवायच्या स्टेनलेस रिंगवर एक रात्र ओला राहिला तर सकाळी तांबडा. दर महिन्याला बदलायचे?

खाडीकाठचा:
हो, बदलायचे. घरी आलो की गोड्या पाण्यात धुवून, पुसून, रिंगेतून काढून वेगळे ठेवतो. टोक नखावर घसरलं की कानस नाहीतर नवा गळ.

देवबागकर:
शिवणीचे दोन तुकडे काढलेत. एकात अखंड तार, एकात माझी कडी, आकार आणि वजन सारखंच. पोटाला एकेरी लावून बघतो, शेपटीचा तीन काट्यांचा मात्र मी काढणार नाही. एकेरीचं माप काय घेऊ? ल्यूअर १२ सेंमीचा आहे.

खाडीकाठचा:
आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. गळाचं टोक आणि त्याच्या दांड्यामधलं अंतर ल्यूअरच्या जाडीपेक्षा जास्त हवं, आणि पोटाचा गळ मागे झुलला तरी शेपटीच्या गळात अडकू नये. गळाचा डोळा, म्हणजे रिंग जाते ते भोक, असा बघा की रिंगेत टांगल्यावर गळ वाकडा न होता ल्यूअरच्या रेषेत लटकेल.