टर्बो गाडी: आधी एक्झॉस्ट बदलायचा की आधी बूस्ट तपासायचा?

लाल काटा (धागाकर्ते)

टर्बो गाडी घेतली की पहिला खर्च एक्झॉस्टवर करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ज्या गाडीचा बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो त्या हवेचा बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) कधी मोजलेलाच नाही, तिच्या डाउनपाइपला, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पहिल्या पाइपला, पाना लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण सांगतो. समजा टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा होज क्लॅम्पपाशी थोडा फाटलाय. कंपनीच्या मूळ ट्यूनमध्ये (सेटिंगमध्ये) ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, १ बार बूस्ट मागतो. हवा गळते म्हणून तो वेस्टगेट (जळका वायू टर्बोच्या चाकाला वळसा घालून सोडणारी झडप) जास्त वेळ बंद ठेवतो, टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि १ बार भरून निघतो. चालवणाऱ्याला पिकअप जरासा सुस्त वाटतो, एवढंच. मग मोठा डाउनपाइप बसतो, ट्यून बदलतो, मागणी १.३ बारवर जाते. आता टर्बोकडे राखीव काही उरलेलं नसतं. गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद कापलेल्या अवस्थेत) जाते आणि शिव्या खातो तो नवा पाइप.

म्हणून आधी लॉग (चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद) काढा. बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवून मोजणाऱ्या रोलरवर), तिसऱ्या गिअरमध्ये, २००० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल. मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष बूस्ट आणि वेस्टगेटची ड्यूटी (त्याला ईसीयूकडून किती टक्के आदेश जातोय), तिन्ही एकत्र बघा. स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, दाखवतो. समुद्रसपाटीला २०० केपीए दिसले तर बूस्ट १ बार आहे, २ नाही. या एका गोंधळापायी चांगले टर्बो खोलले जातात.

चौथा गिअर

असहमत. तपासा, जरूर तपासा, पण एक्झॉस्टला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करताय?

टर्बाइनला, म्हणजे टर्बोतल्या जळक्या वायूने फिरणाऱ्या चाकाला, काम मिळतं ते तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबाच्या गुणोत्तरातून. हिशोबापुरते आकडे धरा: अलीकडे २.२ बार, पलीकडे १.३ बार, दोन्ही निरपेक्ष. गुणोत्तर सुमारे १.७. डाउनपाइप मोकळा केल्यावर पलीकडचा दाब १.१ झाला, तर तेच गुणोत्तर मिळवायला अलीकडे साधारण १.८६ बार पुरतात. म्हणजे मागे ०.२ सुटले आणि अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, जवळपास ०.३४ सुटले. बूस्ट तेवढाच, पण सिलिंडरमधून जळका वायू जास्त सहज बाहेर पडतो. टर्बो लवकर जागा होतो तो वेगळाच फायदा.

आणि ‘थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमधला अडवणारा दाब) लागतंच’ हे टर्बो गाडीबाबत कृपया कोणी म्हणू नका. टर्बाइनच्या पलीकडे ते जितकं कमी तितकं चांगलं.

लाल काटा

गणित मान्य. पण मोकळ्या पाइपचा सगळा भार वेस्टगेटवर येतो हे तुम्ही गाळलंत. टर्बाइनला गुणोत्तर जास्त मिळालं की तितकाच बूस्ट राखायला जास्त वायू वेस्टगेटमधून वळवावा लागतो. कंपनीचा वेस्टगेट लहान असेल तर तो पूर्ण उघडूनही कमी पडतो आणि आरपीएमबरोबर बूस्ट चढतच जातो. हाच बूस्ट क्रीप. सुरुवातीला क्षणभर उसळून खाली येतो तो स्पाइक. स्पाइक ट्यूनमधून सुधारता येतो, क्रीप नाही. हे पाइप बसवल्यावर कळण्यात काय अर्थ?

बारा-तेरा

दोघंही टर्बोपाशीच घुटमळताय. कामावर बसल्यावर मला जे रोज दिसतं ते लिहितो.

स्कॅनरवर पी०२९९ हा दोषाचा कोड आला म्हणजे टर्बो गेला असं नसतं. मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. मी आधी वेस्टगेट हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची बारीक रबरी नळी बघतो, मग इंटरकूलरचे जोड, मग थ्रॉटल सोडल्यावर जादा दाब वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा. डिझेलमध्ये बहुतेक वेळा वेस्टगेटच्या जागी फिरती पाती असतात, ती काजळीने अडकतात.

लीक शोधायला टर्बोच्या तोंडाशी टोपी लावून हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी मारा. गाडी जितका बूस्ट करते त्याच्या वर दाब नेऊ नका आणि सावकाश वाढवा, कारण हवा क्रँककेसमध्येही (इंजिनच्या खालच्या पोकळीत) शिरते आणि सील दुखावतात.

एक फरक लक्षात ठेवा. एअरफ्लो मीटर असलेल्या पेट्रोल गाडीत मोजलेली हवा वाटेत सांडते, पेट्रोल मात्र पूर्ण पडतं, म्हणून मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि काळा धूर दिसतो. फक्त मॅप सेन्सरवर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाडीत मिक्श्चर जवळपास बरोबरच राहतं. तिथे धूर नाही म्हणून लीक नाही असं समजू नये. अशा गाड्यांनीच लोकांना जास्त फिरवलंय.

स्वच्छ धूर

या सगळ्यात कॅटबद्दल, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल, कोणी बोलतच नाही. ‘मोकळा डाउनपाइप’ म्हणजे बहुतेकांच्या मनात कॅट काढून टाकलेला पाइप असतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड थेट रस्त्यावर येतात. मागच्या गाडीत कोणाचं तरी लहान मूल असतं. अनेक देशांत हे बेकायदा आहे, पण कायदा नसता तरी मी विरोधच केला असता. थोड्या ताकदीसाठी इतरांच्या फुप्फुसांवर हक्क सांगता येत नाही.

चौथा गिअर

कॅट काढा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. दर चौरस इंचाला ४०० छिद्रांऐवजी २०० छिद्रांचा कॅट मिळतो. जास्त मोकळा असतो आणि काम करतो.

स्वच्छ धूर

करतो, पण मूळच्याइतकं नाही. विशेषतः इंजिन थंड असताना. मोजणी न करता ‘काम करतो’ म्हणू नका.

बारा-तेरा

धागाकर्त्यांनाही एक सांगायचंय. कधीकधी दोष खरंच एक्झॉस्टचाच असतो. आतून वितळलेला किंवा तुंबलेला कॅट टर्बोचा गळा दाबतो आणि तुम्ही महिनाभर होज तपासत बसता. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. जागेवर उभ्या गाडीत २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर काटा गेला तर कॅटवर संशय घ्या. उलट, नवीन डाउनपाइपच्या गास्केटला सेन्सरच्या आधी फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. दोष फिटिंगचा, निदान मात्र ‘ट्यून खराब’.

लाल काटा

गेजची चाचणी माझ्या यादीत घेतो, कारण तीही मोजणीच आहे. बाकी मत कायम. चौथा गिअर, तुमच्या गाडीचा पाइप बदलण्याआधीचा लॉग असेल तर इथे टाका. वेस्टगेटची ड्यूटी वरच्या आरपीएमला किती होती ते मला बघायचंय.

चौथा गिअर

आहे. बदलानंतरचाही आहे. दोन्ही टाकतो, त्याच गिअरमधले आणि त्याच तापमानाचे.