शिंगराचं पोट सुटलंय, घोडी शेपूट घासते. जंताचं कोणतं औषध द्यावं?

प्रश्न (नंदुरबारकर): मारवाडी घोडी 6 वर्षांची, शिंगरू 5 महिन्यांचं. शिंगराचं पोट घागरीसारखं, केस राठ, अधूनमधून खोकला. घोडी शेपटीचं मूळ भिंतीला घासते. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घरात आहे. दोघांना टोचू का?

पागेकरी: अजिबात टोचू नका. घोड्यात त्या जागी सूज येते, क्वचित क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा जीवघेणा संसर्ग होतो. घोड्याला आयव्हरमेक्टिन पेस्ट तोंडानेच देतात, किलोमागे 0.2 मिलिग्रॅम.

शिंगराची लक्षणं पॅरास्कॅरिसची, म्हणजे मोठ्या गोल जंताची वाटतात. अळ्या यकृतातून फुफ्फुसात जातात, म्हणून खोकला. वाढलेले जंत हातभर लांब होतात आणि लहान आतड्यात राहतात. आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेल या जंतनाशकांनी ते एकदम लुळे पडले तर गुंता होऊन आतडं तुंबतं, फुटूही शकतं. शिवाय या जंतावर आयव्हरमेक्टिन बऱ्याच ठिकाणी चालेनासं झालंय. म्हणून फेनबेंडाझोल, किलोमागे 10 मिलिग्रॅम, तोंडाने, पशुवैद्याला दाखवूनच. ते सावकाश मारतं. तरी दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. लीद बंद झाली, शिंगरू पाय आपटू लागलं, वळून कुशीकडे पाहू लागलं, तर डॉक्टरांना लगेच बोलवा.

लीद तपासणारा: औषधाआधी दोघांची लीद तपासा. ताजे 2-3 गोळे पिशवीत, हवा दाबून काढा, फ्रिजमध्ये ठेवा (गोठवू नका) आणि 24 तासांत पोचवा. उशीर झाला की अंडी फुटतात, आकडा खोटा कमी येतो. मॅकमास्टर पद्धतीत 4 ग्रॅम लीद 26 मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात. ते मोजणीच्या काचपट्टीच्या दोन खणांत भरून, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही खणांतली अंडी मोजून बेरजेला 25 ने गुणलं की ग्रॅममागे आकडा मिळतो. मोठ्या घोड्यात स्ट्राँगाइलची (आतड्यातल्या दुसऱ्या गोल जंतांची) अंडी 200 पर्यंत कमी, 500 च्या वर जास्त.

वजन डोळ्यांनी धरू नका. घोडीचा छातीचा घेर × घेर × लांबी (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत, सेंटीमीटर) भागिले 11,880. घेर 160, लांबी 150 असेल तर सुमारे 323 किलो. कमी डोसाने जंत मरत नाहीत, औषध पचवायला शिकतात. शिंगराला हे सूत्र नीट लागू पडत नाही, त्याला काट्यावर घाला.

डोसानंतर 14 दिवसांनी लिदीतली अंडी पुन्हा मोजा. 800 चे 200 झाले तर घट फक्त 75 टक्के, म्हणजे औषध फसलं.

पागेकरी: घोडीचं वेगळं बघा. शेपूट घासणं हे ऑक्झ्युरिसचं, सुतासारख्या जंताचं लक्षण. तो अंडी गुदद्वाराभोवती घालतो, म्हणून ती लिदीत सहसा सापडत नाहीत. सकाळी, धुण्याआधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबा, काचपट्टीवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पट्टी रिकामी आली तर गोचीड, उवा, खरूज तपासा. अंडी दिसली तर औषधासोबत ती जागा रोज ओल्या कपड्याने पुसा, कपडा टाकून द्या. भिंत, गव्हाण, खरारा घासून धुवा, नाहीतर तीच अंडी परत पोटात.