मदत हवी आहे: वडिलांच्या जुन्या नोकियातल्या छाटणीच्या नोंदी काढायच्या आहेत (तातडीचं)

द्राक्षवाला_निफाड
वडिलांचा जुना टचवाला नोकिया आहे. त्याच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक प्लॉटच्या छाटणीच्या तारखा, फवारण्या, सगळं लिहिलेलं आहे. वडील जाऊन दीड वर्ष झालं, यंदाची गोडी छाटणी (फळांसाठीची, पावसाळ्यानंतरची) पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या भरवशावर आहे. फोन चालू होतो, नोकियाचे ते दोन हात दिसतात आणि लगेच बंद पडतो. लॅपटॉपला लावूनही काही होत नाही. एका दुकानात दाखवला तर भंगारात द्या म्हणाले. छाटणी आठ दिवसांवर आलीय. कसं काढायचं तेवढं सांगा.

गंगापूररोडकर
मॉडेल कोणतं? बॅटरी काढा, खाली स्टिकर असेल.

सिन्नरचा_संजू
त्यात आता व्हॉट्सअ‍ॅप चालणार नाही भाऊ. सिंबियनवर, म्हणजे या जुन्या नोकियांच्या सिस्टीमवर, ते जून २०१७ मध्येच बंद झालं. साधा अँड्रॉइड घेऊन टाका.

द्राक्षवाला_निफाड
व्हॉट्सअ‍ॅप नकोच आहे मला, नोंदी पाहिजेत. मॉडेल ५२३३. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला होता.

गंगापूररोडकर
कोणत्या चार्जरने?

द्राक्षवाला_निफाड
माझ्या आधीच्या मोबाईलच्या. यूएसबीची पिन नीट बसते.

गंगापूररोडकर
तिथेच घोळ आहे. ५२३३ यूएसबीवरून चार्ज होतच नाही, ती जागा फक्त डेटासाठी. जुन्या नोकियाचा बारीक गोल पिनचा चार्जर लागेल. आणि बॅटरी टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवून बघा. भिंगरीसारखी फिरली तर फुगलीय, ती पुन्हा फोनमध्ये घालू नका.

द्राक्षवाला_निफाड
फिरतेय.

ल्युमियावाला
तुमची बॅटरी बीएल-५जे. माझ्या ल्युमिया ५२० ला (नोकियाचाच विंडोज फोन) तीच लागते, ती चांगली आहे आणि फोन कपाटात पडून आहे. नाशिकला आलात की सीबीएस बस स्टँडला भेटा, देतो. विंडोज फोनसारखी सुटसुटीत सिस्टीम पुन्हा झाली नाही. त्या मोठ्या टाइल्समुळे माझी आई चष्म्याशिवाय फोन लावायची.

एपॉकपासूनचा
विंडोज फोनचं कौतुक इथे नको. ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि सिंबियनचं भवितव्य तिथेच संपलं. तरीही २०१२ मध्ये ८०८ प्युअरव्ह्यू आला तो सिंबियनवरच, ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन.

ल्युमियावाला
कॅमेरा चांगला होता, पण ५२३३ वर साधं वेबपान उघडायला किती वेळ लागायचा तेही सांगा. सिंबियन बटणांच्या फोनसाठी उत्तम, टच त्यावर नंतर चढवलेला. लोक आयफोन-अँड्रॉइडकडे गेले ते त्यामुळेच.

एपॉकपासूनचा
एवढ्याशा मेमरीत आणि एका चार्जिंगमध्ये दोन-दोन दिवस चालणारी दुसरी सिस्टीम दाखवा, मग बोलू.

गंगापूररोडकर
त्याची छाटणी तोंडावर आहे, हे दुसऱ्या धाग्यावर घ्या ना.

द्राक्षवाला_निफाड
बॅटरी मिळाली, ल्युमियावाले दादांचे मनापासून आभार. चार्जर मामांकडे निघाला. फोन सुरू झाला, पण आता लॉक कोड मागतोय.

सिन्नरचा_संजू
*#७३७०# टाका, लगेच मोकळा होईल.

गंगापूररोडकर
अजिबात टाकू नका! त्याने फोन कोरा होतो, सगळ्या नोंदी जातील. सिम कोणतं टाकलंय?

द्राक्षवाला_निफाड
माझं जिओचं, अ‍ॅडॉप्टर लावून.

गंगापूररोडकर
ते आधी काढा. फोन टू-जी आहे, जिओ त्यावर चालणारच नाही. सिम बदललं की कोड मागायचा, अशी सेटिंग वडिलांनी लावलेली दिसतेय. त्यांचं जुनं सिम असेल तर ते घाला. नसेल तर १२३४५ टाकून बघा, कंपनीकडून येणारा कोड तोच असतो. उघडल्यावर तारीख-वेळ विचारेल, काहीही द्या, नोंदी हलत नाहीत.

द्राक्षवाला_निफाड
१२३४५ नेच उघडला. सगळं आहे. बाबा मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे. २०११ पासूनच्या नोंदी आहेत. एक देवनागरीत उतरवून देतो: "प्लॉट ३ छाटणी. पावसाने ४ दिवस थांबलो. खाली पाणी होते. पेस्ट उद्या." (पेस्ट म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला लावतात ती.) वर्षामागून वर्ष बघत गेलो, प्लॉट ३ प्रत्येक वेळी सगळ्यात शेवटी. तो खालच्या अंगाला आहे, पाणी धरतो, डाऊनी (बुरशीचा रोग) तिथूनच सुरू होते. मी यंदा पहिला तोच धरणार होतो, मजुरांनाही तसंच सांगून ठेवलं होतं.

पिंपळगावचा_बागायतदार
आत्ताच्या आत्ता फोन करून मजूर वरच्या प्लॉटला वळवा. पंधरवड्यात पाऊस झाला असेल तर ३ नंबरला घाई करू नका.

द्राक्षवाला_निफाड
केला फोन. सोमवारी १ नंबरला लागतोय.

गंगापूररोडकर
आता आधी दुसऱ्या मोबाईलने प्रत्येक महिन्याच्या पानाचे फोटो काढा. मग फाइल मॅनेजरमधून मेमरी कार्डवर बॅकअप घ्या. ते कार्ड संगणकाला लावून एनबीयू एक्सप्लोरर या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. कार्ड आहे ना त्यात? १६ जीबीच्या वरचं घालू नका.

द्राक्षवाला_निफाड
२ जीबीचं आहे. त्यात बाबांनी काढलेले बागेचे फोटोही निघाले. रात्री बसून सगळं उतरवतो.