पिंपातला माणूस म्हणजे रेग्युलस

एकाने विचारलंय की या जुन्या एचिंगमधे (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात) पिंपात कोंबलेला माणूस कोण, तर तो रोमन सेनापती रेग्युलस. चित्र साल्वातोर रोझा या इटालियन चित्रकाराचं, 1660 च्या दशकातलं.

या गड्याने इ.स.पू. 256 मधे एक्नोमसची समुद्री लढाई जिंकली, थेट आफ्रिकेत उतरला, आणि पुढच्याच वर्षी कार्थेजने (रोमचं शत्रू असलेलं उत्तर आफ्रिकेतलं शहर) झँथिप्पस नावाचा भाडोत्री स्पार्टन आणून हत्ती नि घोडदळाच्या जोरावर याचा पार धुव्वा उडवला आणि साहेब कैदेत. मग म्हणे तहाची बोलणी करायला त्याला रोमला पाठवलं, तर यानेच सिनेटला सांगितलं की अजिबात तह करू नका, आणि दिलेल्या शब्दाखातर परत गेला मरायला! तिथे त्याला खिळे ठोकलेल्या पिंपात कोंबून हाल करून मारलं, अशी ही कथा.

पण प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस या छळाबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि मला तरी तेच पटतं. उलट डायोडोरस हा दुसरा ग्रीक इतिहासकार लिहितो की रेग्युलसच्या बायकोनेच घरात ठेवलेल्या कार्थेजच्या कैद्यांचे हाल केले, त्यामुळे ते झाकायला ही खिळ्यांची स्टोरी रचली असावी असं बरेच इतिहासकार म्हणतात.

बाकी चित्र झूम करून बघाच, ते खिळे ठोकणारे लोक कसले निवांत कामाला लागलेत, जणू रोजचीच ड्युटी. एचिंगमधे तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणाच्या थरात सुईने रेघा ओढायच्या आणि मग ॲसिड, म्हणून हात इतका मोकळा चाललाय.