मदत हवी आहे : छडी गेली, पण तिच्या जागी काय आणायचे?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका खेड्यातल्या अनुदानित शाळेत (पाचवी ते दहावी) मी दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो. मुलांशी मायेने वागायचे, पण अभ्यासात सूट द्यायची नाही, एवढे साधे धोरण ठरवले होते. त्यावरून शिक्षकांचे दोन गट पडले आहेत आणि दोघांचेही म्हणणे मला अर्धेच पटते.

ज्येष्ठ शिक्षकांच्या मते शिक्षण हक्क कायदा, २००९ आल्यापासून धाक उरलेला नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा बंद झाली हे उत्तमच झाले. मी स्वतः पुष्कळ छड्या खाल्ल्या आहेत आणि त्यांतल्या एकीनेही मला बीजगणित शिकवले नाही. पण तिच्या जागी आम्ही काहीच आणले नाही, हे मान्य करावे लागते. अपुऱ्या वहीवर सही होते, आकारिक मूल्यमापनाचे (वर्षभर वर्गातच होणाऱ्या तपासणीचे) गुण सढळ हाताने पडतात आणि नववीत पोहोचलेल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही. पाचवी व आठवीसाठी आता वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आहे खरी, परंतु वर्षभराचे राहून गेलेले उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत कसे भरून निघणार?

तरुण शिक्षक म्हणतात की, घरची परिस्थिती पाहता या मुलांकडून फार अपेक्षा करू नयेत. या दयेत ‘तुला जमणार नाही’ हे गृहीत धरलेले असते आणि मुलांना ते बरोबर कळते.

यंदा जूनपासून नववीत गणित व मराठीसाठी एक नियम केला. अपुऱ्या कामाला शून्य द्यायचे नाही आणि ते स्वीकारायचेही नाही. परिपाठाआधी पाऊण तास शिक्षकांसमोर बसून ते पूर्ण करून घ्यायचे. दिवाळीपर्यंत बरे चालले. नंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. काही मुले आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेली, काही आजीआजोबांजवळ राहिली आणि सकाळचे पाणी, स्वयंपाक व धाकटी भावंडे त्यांच्या गळ्यात पडली. त्यांना सकाळी लवकर बोलावणे अन्यायाचे वाटले म्हणून सवलत दिली. आठवडाभरातच बाकीची मुले विचारू लागली, ‘सर, मग आम्हालाच का?’

ज्यांनी अशा शाळांत काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : कामाचा दर्जा सर्वांना एकच ठेवून वेळ आणि मदत मात्र मुलागणिक वेगळी देणे आपण कसे जमवले, आणि ते वर्गाला कोणत्या शब्दांत समजावले? हंगाम संपवून मार्च-एप्रिलमध्ये परतणाऱ्या मुलांची उजळणी नेमकी कुठून सुरू करता? आणि शिक्षकांपैकी निम्मे मनातून तयार नसताना असा नियम शाळाभर लागू करावा, की आणखी वर्षभर एकाच वर्गात चालवून पाहावा?