मदत हवी आहे : ऊसतोडीला गेलेली माणसं गावच्या लोकसंख्येत कशी धरायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी गावाची माहिती गोळा करतोय.

अडचण अशी, की हाताशी आकडे आहेत ते 2011 च्या जनगणनेचे. ती गणना झाली फेब्रुवारीत, ऐन गाळप हंगामात. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं कुलूपबंद असतात, वस्तीत म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी उरतात. मग ही कोयती, म्हणजे ऊसतोडीला गेलेली नवरा-बायकोची जोडपी, त्या वेळी आमच्या गावात मोजली गेली, की कारखान्याच्या फडावर?

दुसरं म्हणजे, जनगणनेच्या गाववार तक्त्यात अनुसूचित जाती आणि जमातींचाच आकडा वेगळा मिळतो. वंजारी, धनगर, मराठा, मुस्लिम घरं किती, हे त्यात नाही. पाणी आणि घरकुल कुठल्या वस्तीला आधी, हे त्याशिवाय कसं ठरवणार?

अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या नोंदवह्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. कुणी त्यावरून वस्तीवार, स्थलांतरित कुटुंबांसह यादी केली आहे का? नमुना असेल तर कृपया पाठवा. माणसं गावात आहेत तोवर, म्हणजे दिवाळीच्या आत, घरोघरी फिरायचं आहे.