अनुभव धागा: आख्खा अध्याय वाचला आणि वचन वेगळंच उमगलं

पुण्यात पवित्र शास्त्र शिकायला जागा कमी नाहीत. बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ. जिल्ह्यातल्याच केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. घरात मात्र आपण बहुतेक वेळा एकेक वचन सुटं करून वाचतो: कॅलेंडरवर, स्टेटसला. मागचं-पुढचं वाचल्यावर एखादं वचन तुम्हाला वेगळं भेटलं असेल तर इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

यजमानांची पिंपरीतली कंपनी बंद पडली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण यिर्मया २९:११ सांगायचा, देवाचे संकल्प हिताचेच आहेत म्हणून. महिला मंडळात आम्ही सलग अध्याय वाचायला घेतले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत बाबेलच्या राजापासून सुटका होईल. तो खोटा ठरतो. यिर्मया संदेष्टा मात्र कैद करून बाबेलात नेलेल्यांना पत्रातून सत्तर वर्षं सांगतो, आणि तोवर घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या नगरासाठी प्रार्थना करा असंही. मला खरा धीर आला तो तिथे. लांबलेली वाट म्हणजे देवाने टाकून देणं नव्हे. त्या आठवड्यात आम्ही थोरलीच्या लग्नाची तारीख धरली. नोकरी लागल्यावर बघू, असं म्हणत बसलो नाही.

विश्रांतवाडी, उपदेशक
दुकानाच्या समर्पणाच्या पत्रिकेवर ईयोब ८:७ हमखास असतं: आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल. हे बोलतो कोण? ईयोबाच्या मित्रांपैकी एक, बिल्दद. आणि त्याआधी तीनच वचनं तो दहा लेकरं गमावलेल्या ईयोबाला म्हणतो, तुझ्या मुलांनी पाप केलं, त्याचं फळ त्यांना मिळालं. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव या मित्रांवर रागावतो. एका भावाने असंच वचन छापायला काढलं तेव्हा त्याच्याजवळ बसून दोन्ही अध्याय वाचले. मग आम्ही जखऱ्या ४:१० घेतलं. लहान कामाचे दिवस तुच्छ मानू नका, हे मंदिर पुन्हा बांधणाऱ्या जरुब्बाबेलाच्या काळचं वचन. ईयोबाच्या पुस्तकात बोलतंय कोण, हे उपदेशकाने आधी बघायलाच हवं.

खडकी
माझं थोडं वेगळं म्हणणं. आजीला अक्षरओळख नव्हती. तेविसावं स्तोत्र तोंडपाठ, संदर्भ एकही ठाऊक नाही. तरी मृत्युच्छायेच्या दरीत कोण सोबत असतो हे तिच्याइतकं ठामपणे मला कुणी सांगितलं नाही. अभ्यास हवाच, पण देवाने बोलायला त्याची अट घातलेली नाही.

येरवडा, नर्स
खडकीच्या ताईंशी सहमत. पण चुकीचा अर्थ रुग्णाच्या जिवाला लागतो, हे मी वॉर्डात पाहते. प्रार्थनेला आलेल्या एकांनी कॅन्सरच्या बाईंना कुठलं पाप कबूल करायचं राहिलंय, असं विचारलं. ते गेल्यावर मी बाईंना योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचून दाखवला. जन्मांधाबद्दल शिष्यही हेच विचारतात, आणि येशू म्हणतो, यानेही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. बाईंनी ते वचन पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मुलाकडून वहीत उतरवून घेतलं, पुढच्या भेटीला येणाऱ्यांना दाखवायला.